पायथनचं सी-एक्स्टेन्शन डेबियनमध्ये पॅकेज करताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सी भाषेत पायथनसाठी एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलंय. मोठ्या फायलींचे चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे ताडण्याचे आकडे) ते झटपट काढतं, आणि खरं काम आतली एक लायब्ररी करते, जिचा सोर्स तुम्ही आपल्याच फोल्डरात आणून ठेवलाय. डेबियन १२ वर ते कंपाइल केलं, तयार झालेली एसओ फाइल (पायथन लोड करतो ती कंपाइल केलेली लायब्ररी) उचलली, चार ओळींची कंट्रोल फाइल (पॅकेजचं नाव आणि गरजा सांगणारी) लिहिली आणि डीपीकेजी-डेबकडून पॅकेज बांधून घेतलं. तुमच्याकडे चाललं. मित्राच्या डेबियन १३ वर बिनतक्रार इन्स्टॉल झालं, पण इम्पोर्ट करताना पायथन म्हणतो की असं मॉड्यूलच नाही. फाइल तर जागेवर दिसते. तिसऱ्या, एआरएमच्या मशीनवर ते इन्स्टॉलच होईना. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हे डेबियनच्या अधिकृत संग्रहात जाण्यासाठी काय करावं लागेल.

आधी मित्राचं मशीन. तुमच्या एसओ फाइलचं पूर्ण नाव एकदा नीट वाचा. मॉड्यूलच्या नावामागे सीपायथन-३११, मग एक्स८६-६४, लिनक्स, जीएनयू असं लांबलचक शेपूट असेल. पेप ३१४९ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मधून पायथन ३.२ पासून आलेली ही खूण आहे: कुठला इंटरप्रिटर, कुठली आवृत्ती, आणि ३.५ पासून कुठला प्रोसेसर. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ आहे, १३ मध्ये ३.१३. मित्राचा ३.१३ फक्त तीन प्रकारची नावं शोधतो: ३१३ चं शेपूट असलेलं, एबीआय३ चं (अनेक आवृत्त्यांना चालणाऱ्या फाइलचं) शेपूट असलेलं, किंवा नुसतं एसओ. ३११ वाली फाइल त्याच्या नजरेसमोर असली तरी त्याच्या लेखी ती नाहीच.

ही खूण डेबियनमध्ये जास्तच महत्त्वाची ठरते, कारण इथे पायथन ३ च्या सगळ्या आवृत्त्यांची पॅकेज केलेली मॉड्यूलं एकाच फोल्डरात राहतात: यूएसआर, त्यात लिब, त्यात पायथन३, त्यात डिस्ट-पॅकेजेस. आवृत्तीचा आकडा वाटेत कुठेच येत नाही. साधी पायथन फाइल एकदा ठेवली की सगळ्यांना चालते, पण कंपाइल केलेली फाइल ज्याची त्याला लागते, म्हणून ३.१२ आणि ३.१३ च्या दोन एसओ फायली शेजारी शेजारी नांदतात. (साइट-पॅकेजेस हे नेहमीचं नाव सोडून डिस्ट-पॅकेजेस का, असं सगळे विचारतात. तुम्ही स्वतः कंपाइल केलेला पायथन यूएसआर-लोकलमध्ये साइट-पॅकेजेस वापरतो. दोघांनी एकमेकांच्या सामानात हात घालू नये म्हणून नावं वेगळी.)

शेपूट छाटून नाव नुसतं एसओ करावं असा मोह होतो. मलाही झाला होता. करू नका. फाइल लोड होईल, कदाचित दोन फंक्शनं चालतीलही, आणि तिसऱ्याला प्रोसेस कोसळेल. सी-एपीआयमधले, म्हणजे सीमधून पायथनशी बोलायच्या फंक्शनांमधले, कित्येक मॅक्रो कंपाइल होतानाच ऑब्जेक्टची आतली मांडणी तुमच्या कोडमध्ये कोरून टाकतात, आणि ती मांडणी आवृत्तीगणिक बदलू शकते. ३.१२ मध्ये साध्या पूर्णांकाच्या ऑब्जेक्टची आतली रचना बदलली, हे ताजं उदाहरण. पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही.

तुमची खरी चूक कंट्रोल फाइलमध्ये आहे. डिपेंड्समध्ये, म्हणजे पॅकेज चालायला काय काय लागतं त्या ओळीत, तुम्ही नुसतं पायथन३ लिहिलंत. डेबियनची साधनं वापरली असतीत तर डीएच-पायथन३ ने एसओ फाइलचं शेपूट वाचून तिथे दोन अटी घातल्या असत्या: पायथन३ हे ३.११ किंवा त्यापुढचं हवं, आणि ३.१२ च्या आतलं हवं. मग मित्राच्या मशीनवर एपीटीनं, म्हणजे डेबियनच्या इन्स्टॉल करणाऱ्या साधनानं, दारातूनच परत पाठवलं असतं. इन्स्टॉल होऊन न चालण्यापेक्षा इन्स्टॉलच न होणं केव्हाही बरं. एआरएमच्या मशीननं नेमकं तेच केलं. पॅकेजवर एएमडी६४ लिहिलं होतं, त्यानं ते वाचलं आणि नकार दिला. तिथे काहीच बिघडलेलं नाही.

आता संग्रहाचं. इथे एक गोष्ट आधी मनातून काढून टाका. तुम्ही कंपाइल केलेली एसओ फाइल डेबियनला नकोच आहे. २०१९ पासून नियम असा की पुढच्या स्थिर आवृत्तीची जिथे तयारी होते त्या टेस्टिंगमध्ये मेंटेनरनं, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्यानं, स्वतःच्या मशीनवर बनवलेली बायनरी जातच नाही. बिल्ड-मशीनवर बनलेलीच जाते. पहिल्यांदा नवं पॅकेज पाठवताना बायनरी जोडावी लागते, पण तपासणी पार पडली की पुन्हा एकदा निव्वळ सोर्स पाठवावा लागतो. म्हणजे तुमचं काम आहे ते असं सोर्स-पॅकेज लिहिणं, जे तुम्ही कधी न पाहिलेल्या मशीनवर, तुम्ही कधी न वापरलेल्या प्रोसेसरवर, आणि तुम्ही हे सगळं विसरून गेल्यावर दोन वर्षांनी आलेल्या पायथनवर, तुम्हाला न विचारता पुन्हा बिल्ड होईल. खाली जे जे सांगतोय ते सगळं याच एका गरजेतून आलंय.

सोर्स-पॅकेज म्हणजे तीन फायली: तुमच्या सोर्सचा मूळ टारबॉल, डेबियनचा म्हणून जो भाग तो दुसरा टारबॉल, आणि दोन्हींचे हॅश असलेली डीएससी फाइल. तुम्ही स्वतःच अपस्ट्रीम असलात, म्हणजे मूळ लेखक तुम्हीच, तरी हे दोन भाग वेगळे ठेवा. पॅकेजिंगमधली एक ओळ दुरुस्त करायला मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढावी लागणं हा शुद्ध मनस्ताप आहे.

नावाबद्दल थोडक्यात. बायनरी पॅकेजचं नाव पायथन३ आणि पुढे हायफन देऊन इम्पोर्ट करतानाचं मॉड्यूलचं नाव. पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक पॅकेज-संग्रहात, काय नोंदवलंय याला महत्त्व नाही. पायपीआयवर पायवायएएमएल म्हणतात, पण इम्पोर्ट करताना यामल लिहितात, म्हणून डेबियनमध्ये पायथन३-यामल. पिलोचं तसंच: इम्पोर्ट पीआयएल, म्हणून पायथन३-पिल. तुमच्या मॉड्यूलच्या नावात अंडरस्कोर आहे. पॅकेजच्या नावात तो चालत नाही, तिथे हायफन घाला.

पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी रूल्स फाइल एके काळी शेकडो ओळींची असायची. आता तिच्यात जेमतेम चार ओळी उरल्यात: ती मेकफाइल आहे असं सांगणारी पहिली ओळ, पायबिल्डला (पायथनची मॉड्यूलं बिल्ड करणारं डेबियनचं साधन) मॉड्यूलचं नाव कळवणारी दुसरी, आणि मग सगळं काम डीएचकडे (पॅकेज बांधणारं साधन) सोपवून पायबिल्ड वापर म्हणणारा नियम. त्या नियमाखालची ओळ टॅबनं सुरू झाली पाहिजे, स्पेसनं नाही. तुमच्या एडिटरनं परस्पर टॅबचे स्पेस केले तर मेक जो एरर देतो तो वाचून कोणालाही काही बोध होत नाही. बिल्डची माहिती पायप्रोजेक्ट टॉमल फाइलमध्ये असेल तर पायबिल्डचा पायप्रोजेक्ट प्लगइन बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) घाला. आणि जुना सेटअप कोड अजून डिस्टयूटिल्सवर, म्हणजे पायथनच्या जुन्या बिल्ड-मॉड्यूलवर, चालत असेल तर तो आधी बदला, पायथन ३.१२ नं डिस्टयूटिल्स काढून टाकलंय.

कंट्रोल फाइलवर मात्र वेळ घालवा. शुद्ध पायथनच्या पॅकेजला आर्किटेक्चर ऑल लिहितात, तुमच्यासारख्या कंपाइल होणाऱ्याला एनी. बिल्ड-डिपेंड्समध्ये पायथन३-डेव्ह लिहायचं की पायथन३-ऑल-डेव्ह, इथे बहुतेक नवखे घसरतात. नुसत्या डेव्हनं फक्त डीफॉल्ट पायथनच्या हेडर फायली येतात. ऑल-डेव्हनं त्या घडीला डेबियनमध्ये जेवढ्या पायथन आवृत्त्या चालू असतील त्या सगळ्यांच्या येतात, आणि पायबिल्ड त्या प्रत्येकीसाठी तुमचं एक्स्टेन्शन वेगळं कंपाइल करतो. एरवी दोन्ही सारखंच दिसतं, कारण आवृत्ती एकच असते. फरक पडतो तो संक्रमणात. नवी पायथन आवृत्ती येताना आधी ती जुनीच्या जोडीला चालू आवृत्तींत येते, मग सगळी एक्स्टेन्शनं दोन्हींसाठी बिल्ड होतात, मग डीफॉल्ट बदलतं, आणि शेवटी जुनी आवृत्ती निघून जाते. तुम्ही नुसतं डेव्ह लिहिलं असेल तर पहिल्या टप्प्यात तुमच्या पॅकेजात नव्या आवृत्तीची एसओ फाइल येतच नाही, आणि डीफॉल्ट बदलण्याच्या दिवशी तुमच्यावर अवलंबून असलेले सगळे अडकून पडतात.

या पुनर्बिल्डसाठी कोणी तुम्हाला विचारायला येणार नाही. सोर्सला हात न लावता रिलीज टीम फक्त बायनरी पुन्हा बनवून घेते; तेव्हा आवृत्तीच्या शेवटी अधिक-बी१ असं शेपूट दिसतं. ते दिसलं की समजावं, आपल्या नकळत काम झालंय. पॅकेज नीट लिहिल्याची याहून चांगली पावती मला माहीत नाही.

डिपेंड्सच्या ओळीत हातानं नावं लिहू नका. तीन चलं लिहा: पायथन३-डिपेंड्स, शलिब्ज-डिपेंड्स आणि मिस्क-डिपेंड्स. पहिल्यातून वर सांगितलेल्या आवृत्तीच्या अटी येतात. दुसरं तुमच्या एसओ फाइलमधली नोंद वाचून ती कुठल्या शेअर्ड लायब्ररींना लिंक आहे ते शोधतं आणि त्या लायब्ररींची पॅकेजं, किमान आवृत्तीसकट, भरतं. यातला एक सापळा: प्रोग्रॅम चालू असतानाच लायब्ररी डीएलओपन किंवा सीटाइप्सनं उघडली असेल तर ती या नोंदीत नसते, म्हणून शलिब्जला दिसत नाही. अशी लायब्ररी तेवढी हातानं लिहावी लागते. आणि उलट बाजूनं, लिबपायथन तिथे दिसलं नाही म्हणून घाबरू नका, पायथन ३.८ पासून युनिक्सवर एक्स्टेन्शनं त्याला लिंक करत नाहीत, ती चिन्हं इंटरप्रिटरकडूनच मिळतात.

आता तुम्ही आत कोंबलेल्या त्या चेकसम लायब्ररीकडे येऊ. डेबियनच्या बिल्डमधून ती काढावी लागेल. लायब्ररी डेबियनमध्ये आधीपासून असेल तर तिचं डेव्ह पॅकेज बिल्ड-डिपेंड्समध्ये घाला आणि तिला लिंक करा. नसेल तर आधी तिचं वेगळं पॅकेज. हे ऐकून लोक चिडतात. ‘माझी प्रत थोडी बदललेली आहे’, ‘एकच फाइल तर आहे’, अशी कारणं येतात. २००२ साली झेडलिबमध्ये तीच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक सापडली. लायब्ररी दुरुस्त करणं सोपं होतं. पण कोणकोणत्या प्रोग्रॅमांनी तिची प्रत आपल्या पोटात ठेवलीय हे शोधून एकेकाला दुरुस्त करणं हे खरं काम होऊन बसलं. डेबियनचं धोरण आत कोंबलेल्या प्रतींना विरोध करतं ते अशाच त्रासापायी. तुमचे बदल उपयोगी असतील तर ते त्या लायब्ररीच्या लेखकांना पाठवा. सोर्समधून ती प्रत वगळण्यासाठी कॉपीराइट फाइलमध्ये वगळायच्या फायलींची यादी देता येते, मग यूस्कॅन हे साधन टारबॉल उतरवताना ती गाळून पुन्हा बांधतो. पण अपस्ट्रीम तुम्हीच आहात, तेव्हा आडवळण कशाला. एक बिल्ड-पर्याय ठेवा, ‘सिस्टिमची लायब्ररी वापर’, आणि बिल्ड करताना तो चालू करा.

याच संदर्भात तुमच्या सेटअप फाइलमधली ‘मार्च नेटिव्ह’ ही ओळ. ती आजच काढा. तिचा अर्थ, ज्या मशीनवर कंपाइल होतंय त्याच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर. बिल्ड-मशीनचा प्रोसेसर नवा असतो, वापरणाऱ्याचा जुना असू शकतो, आणि मग पहिल्याच हाकेला ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोसेस मरते. चेकसमच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण सीआरसी३२ ची खास सूचना एसएसई४.२ बरोबर आली आणि डेबियनच्या एएमडी६४ मध्ये ती असेलच असं गृहीत धरता येत नाही. तिथली खात्री एसएसई२ पर्यंतच. वेग सोडून द्या असं म्हणत नाही. दोन्ही प्रकारचं फंक्शन ठेवा, ज्या फायलीत खास सूचना आहेत तेवढीच त्या पर्यायानं कंपाइल करा, आणि मॉड्यूल लोड होताना प्रोसेसरला विचारून त्यातलं एक निवडा. जीसीसीत त्यासाठी तयार सोय आहे.

कंपायलरचे बाकीचे पर्यायही तुम्ही स्वतः ठरवू नका. डेबियन सीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्जमधून सुरक्षेचे पर्याय पाठवतं, आणि सेटअपटूल्स ते ऐकतं, फक्त तुमच्या कोडनं ते पुसून टाकता कामा नयेत.

तुम्ही पुढच्या भागासाठी सायथन (पायथनसारखा लिहिलेला कोड सीमध्ये बदलणारं साधन) वापरायचा विचार करताय असं लिहिलंय. चालेल, पण सायथननं तयार केलेली सी फाइल टारबॉलमध्ये असली तरी पॅकेज बिल्ड करताना ती फेकून मूळ पीवायएक्सवरून नव्यानं बनवा. एक कारण तत्त्वाचं: सोर्स म्हणजे माणूस ज्याच्यात बदल करतो ते, आणि ती वीस हजार ओळींची सी फाइल कोणी माणूस बदलत नाही. दुसरं कारण रोजच्या व्यवहारातलं: ती फाइल तुमच्या जुन्या सायथननं त्या वेळच्या पायथनसाठी लिहिलेली असते. ३.११ नं फ्रेमच्या ऑब्जेक्टचं पोट झाकून टाकलं तेव्हा टारबॉलमधली जुनी सी फाइल जपून ठेवणारी पॅकेजं कंपाइल होईनात. नव्या सायथननं पुन्हा बनवणाऱ्यांना फारसा त्रास झाला नाही.

टारबॉल कुठून घ्यायचा हाही प्रश्न पूर्वी किरकोळ वाटायचा. पायपीआयवरच्या एसडिस्टमध्ये, म्हणजे तिथल्या सोर्सच्या टारबॉलमध्ये, पुष्कळदा टेस्टच नसतात, म्हणून मी गिटच्या टॅगवरून घेतो. मार्च २०२४ नंतर तर आणखी एक कारण मिळालं. एक्सझेड या फायली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदार (बॅकडोर) सापडलं, ते आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला लागणाऱ्या जादा वेळेचा माग काढताना. आणि त्या चोरदाराला बिल्डमध्ये शिरकाव करून देणारा भाग गिटमध्ये नव्हताच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होता. गिटवरून घेताना एक अडचण येते: आवृत्ती गिटच्या टॅगवरून ठरवणारं सेटअपटूल्स-एससीएम टारबॉलमध्ये गिट नाही म्हणून रुसतं. त्याला आवृत्ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगता येते.

बिल्ड कुठे करायचं? स्वतःच्या रोजच्या मशीनवर कधीच नाही. तिथे वर्षानुवर्षं जमलेली पॅकेजं तुमच्या विसरलेल्या बिल्ड-डिपेंड्सवर पांघरूण घालतात. एसबिल्ड वापरा, तो दर वेळी कोरी करकरीत मूळ सिस्टिम उघडतो, तुम्ही लिहिलंय तेवढंच घालतो आणि बिल्ड करतो. नेटवर्कही बंद ठेवा. बिल्ड होताना काहीही डाउनलोड करायला धोरणात बंदी आहे, आणि पायथनच्या जगात ही सवय इतकी मुरलेली आहे की सेटअप फाइल गुपचूप काहीतरी ओढून आणते हे नेटवर्क तोडल्यावरच कळतं.

टेस्टबद्दल माझीच फजिती सांगतो. माझं एक पॅकेज होतं, सगळ्या टेस्ट हिरव्यागार. एका वापरणाऱ्यानं कळवलं की इम्पोर्टच होत नाही. मी तासभर त्याला दोष देत होतो. मग लक्षात आलं की विकास करताना सोर्सच्या फोल्डरातच बनवलेली एसओ फाइल तिथे पडून होती आणि टेस्ट तिलाच इम्पोर्ट करत होत्या. पॅकेजमध्ये फाइल चुकीच्या फोल्डरात जात होती, पण पॅकेजमधल्या फाइलला टेस्टनं कधी स्पर्शच केला नव्हता. पायबिल्ड ही काळजी बऱ्यापैकी घेतो, बिल्डच्या फोल्डरात जाऊन टेस्ट चालवतो. पण खात्री हवी तर ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे इन्स्टॉल झालेल्या पॅकेजची टेस्ट, हवं: पॅकेज आधी इन्स्टॉल करायचं, सोर्सपासून दूर तात्पुरत्या फोल्डरात जायचं, आणि मग प्रत्येक चालू पायथननं टेस्ट करायची. कंट्रोलमध्ये टेस्टसूटची एक ओळ घालून पायबिल्डच्याच टेस्ट इन्स्टॉल झालेल्या पॅकेजवर चालवता येतात. शक्य असेल तर आपल्या कोडचं फोल्डर एसआरसी नावाच्या फोल्डरात हलवा, म्हणजे चुकून इम्पोर्ट होण्याचा रस्ताच बंद होतो.

आणि आता खरी मजा. तुमचा कोड एएमडी६४ वर चालतो, कारण तो फक्त एएमडी६४ वर चालवून पाहिलाय. डेबियन १३ मध्ये त्याखेरीज एआरएम६४, एआरएमएचएफ, पीपीसी६४ईएल, एस३९०एक्स, आणि नव्यानं आलेलं आरआयएससीव्ही६४ अशी वेगवेगळ्या प्रोसेसरांची मंडळी आहेत. सीमध्ये नुसता कॅर (एक अक्षर ठेवायचा प्रकार) साइन्ड, म्हणजे उणे आकडेही घेणारा, असतो की अनसाइन्ड, हे भाषेनं ठरवलेलंच नाही. एक्स८६ वर तो साइन्ड आहे, एआरएम, पॉवरपीसी आणि एस३९०एक्सवर अनसाइन्ड. फाइल एकेक अक्षर वाचून कॅरमध्ये ठेवली आणि शेवट आला का म्हणून उणे एकशी तुलना केली, तर एआरएमवर ती तुलना जन्मात खरी होत नाही. माझं असं एक बिल्ड एआरएमवर लूपमध्ये फिरत राहिलं, शेवटी बिल्ड-मशीननंच वैतागून ते मारलं. लॉगमध्ये चुकीचं काहीच नव्हतं, नुसती शांतता.

एस३९०एक्स हा त्याहून कडक परीक्षक, कारण तो बिग-एंडियन आहे, म्हणजे संख्येचे वरचे बाइट आधी ठेवतो; लिटल-एंडियन याच्या उलट. तुमच्या कोडमध्ये मला एक जागा दिसली तीच घेऊ. चेकसमचं सुरुवातीचं मूल्य तुम्ही लाँग चलात घेता, पण पायथनकडून आलेली मूल्यं सीच्या चलांत उतरवणाऱ्या पायआर्ग-पार्सटपलला फॉरमॅट मात्र इंटचा, म्हणजे आय, दिलाय. फंक्शन त्या पत्त्यावर चारच बाइट लिहितं. चल आठ बाइटांचं आहे. लिटल-एंडियन मशीनवर ते चार बाइट खालच्या अर्ध्यात पडतात, वरचं अर्ध तुम्ही आधी शून्य केलेलं, उत्तर बरोबर. एस३९०एक्सवर तेच बाइट वरच्या अर्ध्यात पडतात आणि १ दिलं की ४२९४९६७२९६ मिळतात. कंपायलर इशारा देत नाही, कारण या फंक्शनाचे फॉरमॅट तो तपासत नाही. लाँगसाठी एल लिहा. याच कुटुंबातली दुसरी चूक: बाइट्स आणि त्यांची लांबी एकत्र घेणारा हॅश-चिन्हाचा फॉरमॅट. पायथन ३.१० ते ३.१२ मध्ये त्याच्यासाठी पाय-एसएसाइझ-टी-क्लीन हा मॅक्रो हेडरच्या आधी लिहावाच लागतो (३.१३ पासून त्याची गरज नाही), आणि लांबीचं चल पाय-एसएसाइझ-टी प्रकारचं हवं. हे विसरून चल इंटच ठेवलं, तर आठ बाइट चारच्या जागेत लिहिले जातात आणि शेजारचं चल बिघडतं. हे कुठल्याही ६४-बिट मशीनवर होतं, फक्त कधी दिसतं कधी नाही.

लिमिटेड एपीआय (सी-एपीआयचा आवृत्तीगणिक न बदलणारा भाग) वापरून एकच एबीआय३ फाइल बनवावी का, असंही तुम्ही विचारलंय. तुमच्यासारख्या छोट्या एक्स्टेन्शनला जमण्यासारखं आहे. पण तुम्ही बफर-प्रोटोकॉल (ऑब्जेक्टची मेमरी कॉपी न करता वाचायची सोय) वापरता, आणि तो लिमिटेड एपीआयमध्ये ३.११ पासूनच आलाय, तेव्हा त्याखालच्या आवृत्त्या सोडाव्या लागतील. टपल आणि लिस्टमधून थेट घटक काढणारे वेगवान मॅक्रोही मिळत नाहीत. पायपीआयवर व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, देणाऱ्याला याचा मोठा फायदा; डेबियनमध्ये कमी, कारण तिथे पुन्हा बिल्ड करणारी यंत्रणा आयतीच आहे. फक्त डेबियनसाठी म्हणून मी हा खटाटोप करणार नाही.

राहिली कागदपत्रं. पॅकेज करायचा इरादा जाहीर करणारा बग, म्हणजे आयटीपी, नोंदवा. चेंजलॉगच्या पहिल्या नोंदीत तो बंद करा. पॅकेजमधल्या चुका दाखवणारं लिंटियन चालवा आणि त्याचं म्हणणं दडपण्याआधी समजून घ्या. कॉपीराइट फाइल सगळ्यात कंटाळवाणी, आणि नवी पॅकेजं परत येताना मी पाहिली आहेत ती मुख्यतः तिच्यापायी. प्रत्येक फाइल उघडून वरचा मजकूर वाचा. तुमच्या फोल्डरात दुसरीकडून आणलेली एक हेडर फाइल आहे, तिचं लायसन्स तुमच्यापेक्षा वेगळं आहे; ती वेगळी नोंदवावी लागेल. तुम्हाला अपलोडचा अधिकार नसल्यानं एखादा डेबियन डेव्हलपर प्रायोजक म्हणून लागेल. पायथन टीममध्ये सामील होऊन साल्सावर, म्हणजे डेबियनच्या गिट-सर्व्हरवर, गिट-रेपो ठेवलात तर तो मिळणं सोपं जातं, आणि तुम्ही सुट्टीवर असताना पॅकेज दुसरं कोणी सांभाळू शकतं.

अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवी पॅकेजं आधी येतात त्या भागात, पोहोचल्यावर मध्यम निकडीचं पॅकेज साधारण ५ दिवसांनी टेस्टिंगमध्ये जातं. मात्र सगळ्या आर्किटेक्चरवर बिल्ड झालेलं हवं, ऑटोपीकेजीटेस्ट पास हवं आणि गंभीर बग नको. बिल्ड न होणं हा गंभीर बगच मानतात, आणि तो पडून राहिला तर पॅकेज टेस्टिंगमधून आपोआप निघतं.

सध्या एवढंच करा: हातानं बनवलेलं ते पॅकेज तुमच्या आणि मित्राच्या मशीनवरून काढून टाका, नाहीतर पुढे खरं पॅकेज आलं की जुनी एसओ फाइल कोणाची यावरून घोळ होईल. मित्राला घाई असेल तर त्यानं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवून त्यात पिपनं सोर्सवरून इन्स्टॉल करावं. सिस्टिमच्या पायथनवर पिप चालवायला गेला तर डेबियन १२ पासून तो पेप ६६८ चं कारण देऊन नकार देतो, आणि तो नकार ओलांडायचा पर्याय मी मुद्दाम इथे लिहीत नाही. तुम्ही आधी आय चा एल करा आणि मार्च नेटिव्ह काढा, मग एसबिल्डचा लॉग दाखवा. त्यात पहिला एरर बहुधा त्या चेकसम लायब्ररीच्या हेडरचा असेल.